बेटावरच्या घरांसाठी सरकारी योजना आणि होडीचं भाडं

खाडीकाठची
नमस्कार मंडळी,
माझी चुलत वहिनी कोकणातल्या एका खाडीबेटावर राहते. बेटाचं नाव लिहीत नाही, गाव एवढंसं आहे की नाव लिहिलं की घर कळेल. दादा मासेमारीच्या बोटीवर खलाशी होता, मागच्या वर्षी गेला. दोन मुलं. थोरला आठवीत, धाकटी पहिलीत. वहिनी कोळंबी सोलायला जाते, मिळेल तो रोज.

तिला कुणीतरी बालसंगोपन योजनेचं सांगितलं. वडील किंवा आई नसलेल्या मुलाला महिन्याला २२५० रुपये मिळतात. दोन मुलांचे साडेचार हजार म्हणजे त्या घरात फरक पडेल. पण कागद बघा: मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, तिघांची आधार कार्डं, शाळेचं बोनाफाईड, पासबुक. यातले निम्मे पाण्यापलीकडे. सकाळची होडी, मग सहा आसनी, मग एसटी, आणि तिथे गेल्यावर ‘साहेब मीटिंगला गेलेत’. दुपारची होडी चुकली की तिकडेच मुक्काम, मुलं शेजाऱ्यांकडे. रोज बुडतो, वर भाडं. दाखल्याची फी म्हणजे चहापाणी, खरा खर्च होडीचा.

माझं म्हणणं एवढंच की योजना कमी नाहीत, पण त्या आखताना मध्ये पाणी असू शकतं हे कुणाच्या डोक्यात नसतं. तुमच्यापैकी कुणी बेटावर राहिलंय, काम केलंय का? तिथे मुलांच्या आणि बायकांच्या योजना कशा पोचतात? आणि वहिनीने नेमकं काय करावं?

तिखटमीठ
‘शासन आपल्या दारी’. दार ओहोटीत उघडेल. :)

सेविकाताई
खाडीकाठची, मी अंगणवाडी सेविका आहे, बेटावर नाही पण किनाऱ्यावर. आधी कामाचं सांगते.

गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. कागदावर तरी असतेच. सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. वहिनींनी एकट्याने तालुका गाठण्यापेक्षा या समितीत विषय घ्यायला लावा आणि तसा ठराव करून घ्या. अर्ज पुढे जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडे जातो, गृहभेट होते, मग बाल कल्याण समिती आदेश काढते. गृहभेट म्हणजे त्यांनीच तुमच्या घरी यायचं असतं, हे लक्षात ठेवा. ‘तुम्हीच मुलांना घेऊन इकडे या’ म्हणाले तर नम्रपणे सांगा की घर इथे आहे.

दुसरं म्हणजे केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व म्हणून एक प्रकार आहे, त्यात महिन्याला ४००० आहेत. विधवा आईच्या मुलांना तो लागू होतो, उत्पन्नाची अट आहे. त्याच कक्षात दोन्हींची एकदमच चौकशी करा.

आणि धाकटीच्या आधारचं पाच वर्षांनंतरचं बायोमेट्रिक झालंय का ते आजच बघा. ते राहिलं की बाकी सगळं अडतं. थोरल्याचं पंधराव्या वर्षी पुन्हा करावं लागेल.

खाडीकाठची
ताई, धाकटीचं राहिलंच आहे! शाळेनेही सांगितलं नाही. आणि समिती वगैरे वहिनीला माहीतही नाही.

सेविकाताई
शाळेला दोष देऊ नका, तिथे बहुतेक एकच गुरुजी असतील.

घारापुरीचा जावई
सासुरवाड राजबंदर. पर्यटकाला घारापुरी म्हणजे लेणी, माकडं आणि कणीस एवढंच दिसतं. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत हे गेटवेवरून लाँच पकडणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना माहीत नसतं. मुंबईचे दिवे डोळ्यांसमोर, पण बेटावर कायमची वीज आली २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. त्याआधी संध्याकाळचे तीनेक तास जनरेटर. बायकोने दहावीचा अभ्यास त्या तीन तासांत केला. जनरेटर बंद झाला की चिमणी.

लेणी सोमवारी बंद असतात. म्हणजे पर्यटकांच्या लाँचही बंद. आणि ऑफिसची कामं लोक कधी करायला निघतात? सोमवारी. तेव्हा उरण-न्हाव्याच्या बाजूची बोट बघायची. आता अटल सेतू झाला २०२४ मध्ये, २१.८ किलोमीटरचा. सासरे त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतात, “एवढा लांब बांधला, जरा वाकडा करून आमच्याकडून नेला असता तर?”

डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली, माणसं गेली. त्यानंतर महिनाभर सासूबाई कुणालाच पाण्यावर जाऊ देत नव्हत्या. शेजारच्या बाईंची दवाखान्याची तारीख होती, तीही टळली. हे कुठल्याच फायलीत येत नाही.

रोखठोक
सगळं मान्य, पण एक कडू प्रश्न विचारतो. पन्नास घरांसाठी अधिकारी, बोट, कॅमेरा, प्रिंटर पाठवायचा खर्च कुणी करायचा? अशा शेकडो वाड्या डोंगरातही आहेत. सरकारला मर्यादा आहेत. त्यापेक्षा ज्यांना मुलं शिकवायची आहेत त्यांनी तालुक्याला खोली घ्यावी. आमच्या वडिलांनी घेतली होती.

पक्या दर्यातला
रोखठोक काका, खोलीचं भाडं तुम्ही देणार?

रोखठोक
बाळा, राग मानू नकोस. मी हिशोब विचारला.

नर्मदाकाठ
हिशोब विचारलाय तर महाराष्ट्रातलाच दाखला देतो. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागातले कितीतरी पाडे अर्धे बेट झाले. रस्ता बुडाला, उरलं पाणी. तिथे आरोग्य खात्याने तरंगता दवाखाना चालवला आहे, बोट अँब्युलन्सही आहे. म्हणजे सेवा पाण्यावरून नेता येते हे या राज्याच्या सरकारला ठाऊक आहे.

आता त्याच भागातली दुसरी गोष्ट. २०२० ला कोरोनात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका मासेमाराची होडी मागून घेऊन स्वतः वल्हवत पाड्यांवर जायच्या. बाळांची वजनं करायची, आहार द्यायचा, गरोदर बायकांना बघायचं. पेपरात फोटो आले, मुख्यमंत्र्यांनी कौतुक केलं. योग्यच होतं. पण मला तेव्हापासून एक प्रश्न पडलाय. वजनकाटा सरकारी, आहार सरकारी, रजिस्टर सरकारी, मग होडी उसनी का?

सेविकाताई
नर्मदाकाठ, नेमकं बोललात. त्यांचा सत्कार आम्ही टाळ्या वाजवून बघितला आणि दुसऱ्या दिवशी परत ॲपमध्ये डोकं घातलं.

ॲपवरून आठवलं. पोषण ट्रॅकर, म्हणजे आमच्या अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप, त्यात आता घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ओळखावा लागतो. खाडीपलीकडच्या वाडीवर माझी मैत्रीण सेविका आहे. तिच्या अंगणवाडीत रेंज नाही, रेंज येते धक्क्यावरच्या शेवटच्या पायरीला. मग आहार वाटपाच्या दिवशी ती बाळंतिणींना घेऊन धक्क्यावर उभी. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने बाईच्या कपाळावरचा पदर मागे करते, “डोळे मिचकाव गं, परत मिचकाव.” ऊन डोळ्यांवर आलं की ॲप म्हणतं चेहरा जुळत नाही. मग सगळ्याजणी पाठ फिरवून उभ्या राहतात. कोळीणींची वरात निघाली म्हणून होडीवाले हसतात. चवळीचं पाकीट मिळेपर्यंत पाणी चढून पायऱ्या ओल्या.

तिखटमीठ
सरकारने बाईचा चेहरा ओळखला, हे काय कमी आहे.

उत्तरवारा
मी स्कॉटलंडमध्ये राहते, काही वर्षं ऑर्कनी बेटांवर नर्स होते. वेगळाच देश आणि पैसाही वेगळा, हे आधीच मान्य. तरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे.

तिथे २०१८ ला बेटांसाठी स्वतंत्र कायदा झाला. नवीन धोरण किंवा सेवा आणताना तिचा बेटांवरच्या लोकांवर वेगळा परिणाम होणार असेल, तर तो आधी तपासून कागदावर मांडायचा, असं सरकारी संस्थांवर बंधन आहे. याने सगळं सुटलं असं अजिबात नाही. फेऱ्या रद्द होतात, दंतवैद्य मिळत नाही, लोक शिव्या घालतात. पण निदान प्रश्न विचारावा लागतो. २०२२ च्या जानेवारीपासून बावीस वर्षांखालच्या सगळ्यांना बस फुकट झाली, तेव्हा बेटावरची मंडळी लगेच म्हणाली, ‘आमची बस म्हणजे बोट, तिचं काय?’ हा प्रश्न उचलायला त्यांच्या हातात कायदा होता. खाडीकाठची यांचं दुखणं हेच आहे ना? २२५० ठरवणाऱ्याने होडीचा विचार केला नाही.

नवीन बाळाला सरकारकडून कपडे, चादर, थर्मामीटर भरलेली एक पेटी मिळते, २०१७ पासून. ती मात्र बेटावर अगदी घरपोच येते. पोस्टमन वाऱ्याला शिव्या देत आणतो.

रोखठोक
ऑर्कनीचं नाव निघालंच आहे तर तिथलं १९९१ पण सांगा. सरकार घरापर्यंत पोचलं की काय होतं तेही कळू दे.

उत्तरवारा
सांगते, लपवण्यासारखं नाही. २७ फेब्रुवारी १९९१ ला साउथ रोनल्डसे बेटावर पहाटे समाजसेवा खात्याचे लोक आणि पोलीस आले आणि अत्याचाराच्या संशयावरून चार कुटुंबांमधली नऊ मुलं उचलून बेटाबाहेर नेली. एप्रिलच्या सुरुवातीला शेरीफने, म्हणजे तिथल्या न्यायाधीशाने, प्रकरण फेटाळलं आणि मुलं घरी आली. पुढे लॉर्ड क्लाइड यांची चौकशी झाली, १९९२ ला अहवाल आला, त्यात खात्यावर कडक टीका होती. १९९५ च्या मुलांविषयीच्या कायद्यामागे या प्रकरणाचाही हात होता. मी तिथे गेले तेव्हा बरीच वर्षं उलटली होती, तरी जुनी माणसं समाजसेवा खात्याची गाडी दिसली की बोलणं थांबवायची. नर्सची गाडी चालायची.

पण रोखठोक, यावरून सरकारने लांब राहावं असं निघत नाही. त्या लोकांना खातं ओळखीचंच नव्हतं. एरवी कधी न येणारा माणूस एकदम पहाटे आला.

रोखठोक
हे पटलं. अर्धं.

भावकी_भारी
मला उलटी भीती वाटते. बेटावर सेविका भावकीतली, सरपंच चुलता, पोलीस पाटील मामा. एखाद्या घरात नवरा दारू पिऊन मारतो, मुलीचं सोळाव्या वर्षी जमवताहेत, हे त्या समितीत कोण बोलणार? अशा वेळी अनोळखी माणूसच लागतो. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो, पण रेंज धक्क्यावर आणि धक्क्यावर अख्खा गाव बसलेला. सेविकाताई, तुमच्यावर रोख नाही.

सेविकाताई
रोख असला तरी चालेल, खरं आहे. माझ्याच वस्तीत एक लग्न मी थांबवलं तर वर्षभर माझ्या पोरांना कुणी बारशाला बोलावलं नाही. म्हणून मला वाटतं की दोन्ही हवं. रोजचं काम गावातल्या माणसाने करावं, पण महिन्यातून एकदा तरी बाहेरचं कुणीतरी यावं, ज्याच्याशी दार लोटून बोलता येईल.

मॉरिशसकर
उशिरा आलो. कामानिमित्त पोर्ट लुईला असतो. इथे दीडदोनशे वर्षांपूर्वी आलेल्या मराठी मजुरांचे वंशज आहेत, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, ते सगळं तुम्हाला माहीत असेल. विषयाचं सांगतो.

अख्खा देशच बेट असला की सरकारला पाणी विसरता येत नाही, असं मला आधी वाटायचं. तसं नाही. मॉरिशसचंही एक ‘पलीकडचं बेट’ आहे, रॉड्रिग्ज, पाचशेहून जास्त किलोमीटर पूर्वेला. त्यांची तक्रार तुमच्या वहिनींसारखीच, सगळं पोर्ट लुईत ठरतं. २००२ पासून त्यांना स्वायत्तता आहे, स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे आणि बाल-कुटुंब कल्याणाचं काम तीच पाहते. मुख्य बेटावर २००५ पासून विद्यार्थ्यांना बस फुकट आहे. २०२० चा मुलांचा कायदा २०२२ पासून लागू झाला, त्याने लग्नाचं वय सरसकट अठरा केलं. त्याआधी आईबापांच्या संमतीने सोळाव्या वर्षी लग्न करता यायचं. भावकी_भारी यांनी लिहिलेली अडचण इथेही निघते, गाव लहान आणि सगळे एकमेकांचे नातलग.

दिवाडीचा दत्ता
गोंयचो हांव. तुम्ही सगळे ऑफिस बेटावर आणायच्या गोष्टी करताय, मी उलटं म्हणतो. मांडवीतल्या आमच्या दिवाडी बेटाला फेरीबोट सरकारची, नदी परिवहन खात्याची. पायी माणसाला तिकीटच नाही. जुनं गोवें, रायबंदर, नार्वे, तिन्हीकडून फेरी आहे. त्यामुळे गृहिणींच्या गृह आधार योजनेचा फॉर्म असो की पोराची ॲडमिशन, आई पणजीला जाऊन जेवायला घरी. आम्हाला वेगळं शिबिर लागत नाही. शेजारच्या चोडण बेटाला तर २०२५ पासून रो-रो, म्हणजे गाड्याही चढतात अशी मोठी फेरी आली. पाणी तेच, फक्त ओलांडायची सोय सरकारची. तुमच्याकडे ती खाजगी होडीवाल्याच्या मर्जीवर आहे, रोग तिथे आहे.

अवांतर: आमच्या बोंदेरा उत्सवाला या सगळे, ऑगस्टात.

घारापुरीचा जावई
दत्ताभाऊ, तुमची नदी दहा मिनिटांची. पावसाळ्यात आमच्याकडे धोक्याचा बावटा लागला की सरकारी बोटही उभीच राहील. पण मुद्दा लाखाचा.

पक्या दर्यातला
मी बावीस वर्षांचा, बेटावरचाच, आयटीआय केलाय. तुम्ही लहान मुलांचं आणि बायकांचं बोलताय, आमचं पण ऐका.

मुख्यमंत्र्यांची युवा प्रशिक्षण योजना आली २०२४ ला. बारावीला सहा हजार, आयटीआयला आठ, पदवीला दहा. मला तालुक्याला एका ऑफिसात लावलं. आठातले होडी आणि रिक्षात किती जायचे ते विचारू नका. आणि काम पाचला सुटायचं, होडी साडेपाचची. साहेबांनी ‘एवढं एक पत्र टाइप कर’ म्हटलं की माझी होडी गेली. मग मित्राच्या खोलीवर.

आम्हाला काय हवं विचाराल तर नवी योजना नको. संध्याकाळी साडेसातची एक होडी द्या. तेवढ्याने क्लास लावता येईल, भरतीच्या परीक्षेची तयारी करता येईल, टुर्नामेंट खेळता येईल, पोरीला घेऊन पिक्चर बघता येईल (ते योजनेत बसवा नाहीतर राहू दे). आता पाच वाजले की आमची तरुणाई संपते. मग धक्क्यावर बसायचं आणि मोबाईल. पुढे काहीजण बाटलीला लागतात, त्यावर व्यसनमुक्तीचा कार्यक्रम घ्यायला लोक येतात. सकाळी अकराला. तेव्हा पिणारा मासे मारायला गेलेला असतो.

तिखटमीठ
पक्या, टोपी काढली. नेहमीचा टोमणा आज सुचत नाहीये.

कलमबहाद्दर
सरकारी नोकरीतून निवृत्त आहे, म्हणून कोरडं लिहितो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित दाखल्यांना मुदत ठरलेली आहे. मुदत उलटली तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि शेवटी आयोग. उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला त्यात येतो. अर्ज ऑनलाइन करता येतो, ग्रामपंचायतीच्या केंद्रातून. त्यामुळे वहिनींनी दाखल्यासाठी स्वतः जाऊ नये. अर्ज क्रमांक आणि पोच जपून ठेवावी. पोच नसेल तर अपील नाही, नुसतं भांडण.

शिबिरासाठी ग्रामसभेचा ठराव करा आणि ठरावात खाती नावानिशी लिहा: महसूल, आधार, महिला बालविकास, आरोग्य. ‘सर्व संबंधित’ असं लिहिलंत तर कुणीही संबंधित नसतं. आमच्याकडे बोटीचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा यावरच फाईल अडायची. बोट ग्रामपंचायत देणार असं ठरावात लिहिलंत तर साहेबांचा निम्मा विरोध तिथेच विरघळतो.

रोखठोक
म्हणजे माझा हिशोबाचा प्रश्न अगदीच बावळट नव्हता.

कलमबहाद्दर
नव्हता. पण उत्तर ‘खोली घ्या’ हे नव्हतं.

खाडीकाठची
सगळ्यांचे आभार. थोडं कळवते.

वहिनी सेविकेकडे गेली. सेविका म्हणाली, “मला वाटलं तू अर्ज कधीच केला असशील!” दोघी एकाच पाणवठ्यावर भेटतात रोज. असो. दाखल्यांचे दोन्ही अर्ज केंद्रातून भरले, पोच आहे. गृहभेटीसाठी घरासमोर मुलांसोबतचा फोटो लागणार म्हणून तिने अंगण सारवलं, थोरल्याने मात्र फोटोला तोंड वाकडं केलं. “सगळ्यांना कळणार आपण पैसे घेतो ते,” म्हणाला. भावकी_भारी, तुमची आठवण झाली. यावर मला काही सुचलं नाही.

ग्रामसभेत शिबिराचा ठराव झाला, खाती नावानिशी लिहिली. एका होडीवाल्याने फुकट यायचं कबूल केलंय. आता अडलंय ते तारखेवर. साहेबांच्या माणसाला दहा ते दोन हवंय आणि आमचा धक्का अर्ध्या ओहोटीलाच कोरडा पडतो, आधार मशीन डोक्यावर घेऊन चिखलातून कोण येणार?

पक्या दर्यातला
ताई, सोपं आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमेला सव्वाअकरा म्हणजे साधारण अकरा-बारा धरा. दहा ते दोन काम करायचं तर पौर्णिमा किंवा अमावास्या, नाहीतर त्याच्या पुढचा दिवस. अष्टमी-नवमीला बोलावलंत तर साहेब चिखलात.

कलमबहाद्दर
हे ठरावाला जोडा. ‘भरतीच्या वेळेनुसार’ एवढंच लिहू नका, वेळ लिहा.

उत्तरवारा
आणि दार लोटून बोलता येईल अशी एक खोली वेगळी ठेवा. शाळेचा वर्ग चालेल. बाहेर रांग नको.

खाडीकाठची
वर्ग गुरुजी देतील. पुढच्या महिन्यातली पौर्णिमा मंगळवारी येतेय, तीच कळवते. आता फक्त प्रिंटर. गावात वीज दुपारी जाते, साहेब म्हणाले आमचा प्रिंटर बॅटरीवर चालत नाही. कुणाकडे इन्व्हर्टर असेल तर व्यनि करा, होडीने नेऊन परत आणून द्यायची जबाबदारी पक्याची.